आधी गाऱ्हाणं, मग उपकार : रुग्णालयातल्या खाटेजवळची प्रार्थना आणि आभार

प्रश्न थोडक्यात असा : मालवणजवळच्या एका कॅथलिक घरातले एकसष्ट वर्षांचे गृहस्थ भाताच्या लावणीनंतर तापाने पडले. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. कावीळ झाली, किडन्यांनी काम थांबवलं, गोव्यात बांबोळीला हलवावं लागलं. सहा दिवस व्हेंटिलेटर, आता नळी काढली आहे, डायलिसिस चालू आहे. शुद्धीवर आहेत, पण बोलत नाहीत. गावाहून येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘वाचलात, देवाचे उपकार माना.’ त्यांची बायको, म्हणजे लेकीची आई, देवावर चिडलेली, तिने तेर्स (माळेवरची रोजची प्रार्थना) सोडला आहे. लेक विचारते : आभार मानायला हवेत हे कळतं, पण तोंडातून निघतात ते खोटे वाटतात, काय करू? आणि पाद्रीला तेल लावायला बोलावलं तर बाबा घाबरतील का?

ताई, बाबांच्या गप्प बसण्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा अर्थ घरातले बहुतेक वेळा चुकीचा लावतात.

सहा दिवस घशात नळी असलेल्या माणसाचा आवाज बसतो. गिळताना दुखतं, स्वरतंतू सुजलेले असतात, पुटपुटणंही जड जातं. हे काही दिवसांत, कधी आठवड्यांत सुधारतं. दुसरं कारण म्हणजे आयसीयूतला भ्रम. झोपमोड, झोपेची औषधं, संसर्ग, रक्तात साठलेलं युरिया या सगळ्यामुळे दिवस-रात्र कळेनासं होतं. काही रुग्ण नळ्या ओढतात, ओरडतात, छतावर माणसं किंवा साप दिसतात म्हणतात. काही त्याच्या उलट अगदी निपचित होतात, नजर लावून पडून राहतात. हा निपचित प्रकार सहज निसटतो, कारण असा रुग्ण कुणाला त्रास देत नाही. ‘बाबांची श्रद्धा खचली’ असं ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा की हा भ्रम आहे का. आणि बाबांना काही दिसत असेल तर ते भूत, देवचार किंवा सैतानाचं काम नव्हे. आपल्याकडे किरिस्तावांच्या घरातही कुणीतरी हळूच तसं सुचवतं. अशा वेळी पाण्याचे शिंतोडे उडवण्यापेक्षा चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र आणून द्या, समोर घड्याळ ठेवा आणि प्रत्येक भेटीत स्वतःचं नाव, जागा आणि वार सांगा : ‘बाबा, मी तुमची लेक. आपण बांबोळीला आहोत. आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजलेत.’

प्रार्थना इथेच उपयोगी पडते, आणि तीही पाठ असलेली. लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द भ्रमातही सापडतात. बाबा ‘आमच्या बापा, सर्गींच्या’ म्हणत मोठे झाले असतील तर त्यांना शुद्ध मराठीतली प्रभूची प्रार्थना वाचून दाखवू नका. त्यांच्या आईने शिकवली त्या बोलीत, हळू, एक ओळ म्हणून थांबा. ओठ हलले तर पुढची ओळ. नाही हलले तरी पूर्ण करा, कानावर पडलेलं वाया जात नाही. प्रश्न विचारायचा तर हो-नाहीत उत्तर देता येईल असा : ‘तेर्स म्हणू? हो असेल तर माझं बोट दाबा.’ नको म्हणाले तर नको. आजारी माणसाला रुग्णालयात नाही म्हणता येईल अशा गोष्टी फार थोड्या उरतात. सुई, नळी, डायपर, काहीच त्याला विचारून होत नाही. प्रार्थनेला नाही म्हणायची मोकळीक त्याच्याकडे राहू द्या.

आता आभारांकडे. गावाहून येणारी माणसं जे वचन मनात धरून बोलतात ते बायबलातल्या, प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायाच्या अठराव्या ओवीतलं : ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ शब्द नीट पाहा. ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. मूळ ग्रीकमध्येही ‘मध्ये’ असाच अर्थ आहे. लेप्टोबद्दल, डायलिसिसबद्दल, आईने कॉरिडॉरच्या बाकड्यावर काढलेल्या रात्रींबद्दल आभार माना असं तिथे कुणी म्हणत नाही. इफिसकरांच्या पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे हे खरं, पण ती ओवी मंडळीने एकत्र जमून स्तोत्रं गाण्याविषयी बोलताना येते, आजाऱ्याच्या तोंडात कोंबायला नव्हे. आणि लिहिणारा तोच पौल आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवतो. काट्याबद्दल ‘थँक्यू’ म्हणून तो गप्प बसला नाही.

तुमचे आभार खोटे वाटतात ते यामुळे. मधली पायरी गाळली गेली आहे. ती पायरी आपल्या सिंधुदुर्गात सगळ्यांना ठाऊक आहे : गाऱ्हाणं. वाडीतल्या देवळात गाऱ्हाणं घालताना काय होतं ते तुम्ही शेजारी म्हणून शंभरदा ऐकलं असेल. आधी देवाला नावाने हाक. मग काय झालंय, कुणावर काय संकट आलंय ते उघड सांगणं. मग मागणं. मग वचन, की हे झालं तर आम्ही असं करू. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांचं ‘होय महाराजा’. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा याच घाटाचा आहे. देव वेगळा, घाट तोच. तेरावं स्तोत्र उघडून पाहा, जेमतेम सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. नंतर ‘माझ्याकडे लक्ष दे, उत्तर दे’ हे मागणं. आणि भरवसा आणि गाणं येतं ते पाचव्या-सहाव्या ओवीत. आधी नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या दिवशी आईच्या तोंडून फक्त तक्रार निघेल त्या दिवसासाठी ते ठेवलंय असं समजा.

म्हणून आईला तेर्स धरायला लावू नका. ती देवाशी भांडते आहे म्हणजे बोलते आहे. ईयोब म्हणजे बायबलातला सर्वस्व गमावलेला, आजारी पडलेला माणूस. त्याच्या पुस्तकात शेवटी देव रागावतो तो भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडत बसलेल्या त्याच्या मित्रांवर. ते तिघे सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आईपाशी तुम्ही तसंच बसा आणि तिला जेवायला लावा. रोज एक पूर्ण जेवण आणि सलग पाच तास झोप, एवढं ज्याला मिळत नाही त्याला श्रद्धेचे प्रश्न विचारूच नयेत. रात्रीच्या पाळ्या लावा. नातेवाइकांना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू देऊ नका, थेट काम द्या : शनिवारी रात्री तू थांब, सोमवारी डबा तुझ्याकडून.

एक वही, दोन पानं

शंभर पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर गाऱ्हाणं, उजव्या पानावर उपकार. दोन्हीकडे तारीख. रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही.

डाव्या पानावर जे आहे ते लिहायचं, गोड न करता. ‘बाबांच्या पाठीला खालच्या बाजूला लाल चट्टा. आई रडली. पैसे संपत आलेत.’ या पानाचा एक व्यवहारी फायदाही आहे. सकाळी डॉक्टर फेरीला येतात तेव्हा काय विचारायचं होतं ते आठवत नाही, मग याच पानावरून विचारायचं. पाठीचा लाल चट्टा ही तक्रार देवाला सांगण्याइतकीच नर्सला सांगण्याची आहे, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर तिथे जखम होते.

उजव्या पानावर दिवसाला तीन गोष्टी. अट एकच : मोजता येईल, बघता येईल किंवा नाव घेता येईल अशी हवी. ‘देवाच्या कृपेने सगळं ठीक’ हे वाक्य वहीत बाद. ते खोटं वाटतं कारण ते कशाहीबद्दल नाही. त्याऐवजी असं लिहा : लघवी काल दिवसभरात १५० मिली, आज ३५०. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या घरी त्या पिशवीवरच्या रेघा म्हणजे रोजचा निकाल असतो. पिशवी खाटेच्या कडेला टांगलेली असते, आतलं पाणी आधी चहासारखं गडद, मग दिवसागणिक फिकं होत जातं. नर्स वाकून आकडा वाचते आणि कागदावर लिहिते. त्या आकड्याबद्दल ‘देवा, तुझे उपकार’ म्हणताना जीभ अडखळत नाही, करून पाहा. चांगली गोष्ट अशी की लेप्टोमध्ये बंद पडलेल्या किडन्या, रुग्ण तगला तर, बहुतेक वेळा पुन्हा चालू होतात, त्यामुळे या पानावर लिहायला रोज काहीतरी मिळण्याची शक्यता बरी आहे. एखाद्या दिवशी आकडा घसरला तर तो डाव्या पानावर. उजवीकडे त्या दिवशी दुसरं काही : रात्रपाळीच्या नर्सचं नाव, जिने बाबांचे ओठ ओल्या कापसाने पुसले, किंवा कॅन्टीनवाल्याने आईला न मागता दिलेला गरम चहा.

हे काही नवं नाही. संत इग्नेशियसने दिवसाअखेरीची जी आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली तिची पहिली पायरीच मिळालेल्या उपकारांची आठवण ही आहे, पापांची यादी नंतर. स्वतः इग्नेशियस १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडून महिनोन्‌महिने खाटेवर पडला होता, हे लक्षात घेतलं की ती पद्धत आजाऱ्याला का झेपते ते कळतं.

मग तीच वही प्रार्थनेत वाचायची. नमुना देते, हवा तसा बदला :

‘देवा, आज दहावा दिवस. बाबांची पाठ दुखते, आई दोन रात्री झोपलेली नाही, आम्ही थकलो. आज लघवी ३५० मिली झाली, त्याबद्दल तुझे उपकार. उद्याच्या डायलिसिसमध्ये बीपी पडू देऊ नकोस. शेजारच्या खाटेवरच्या माणसाजवळ राहा. आमेन.’

वीस सेकंद लागतात. आयसीयूत प्रार्थना एक मिनिटाच्या वर नेऊ नये आणि भेट पाच-दहा मिनिटांच्या वर. लांब प्रार्थनेत म्हणणाऱ्याचं समाधान होतं, ऐकणारा दमतो. डायलिसिस साधारण चार तास चालतं. त्यात थंडी वाजते, पायात गोळे येतात, बीपी उतरतं. संपल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. त्या वेळी कुणालाही आत पाठवू नका, फादरनाही.

हे चुकतं कुठे तेही सांगते. पहिली चूक म्हणजे उजवं पान बाबांकडून भरून घेणं. ‘बाबा, सांगा बघू आज कशाबद्दल आभार?’ हा प्रश्न म्हणजे आजाऱ्याची तोंडी परीक्षा. पान तुम्ही भरा, त्यांना ऐकवा, त्यांनी भर घातली तर उत्तमच. दुसरी, तुलना : ‘बाजूचा बघा, त्याचा तर पायच कापला.’ दुसऱ्याच्या दुःखावर उभे केलेले आभार फार तर हायसं वाटणं झालं, आणि पडदा पातळ असतो, बाजूच्याला ऐकू जातं. तिसरी सगळ्यांत घातक : आभारांच्या ओझ्याखाली रुग्ण दुखणं लपवू लागतो. ‘एवढं देवाने केलं, आता तक्रार कशी करू?’ छातीत दुखतंय, श्वास लागतोय, हे अशाने चार तास उशिरा कळतं. आपल्या जुन्या लोकांत ‘दुखणं येशूच्या दुःखाला जोडून अर्पण करायचं’ ही शिकवण खोल गेलेली आहे. ती खरीच आहे, पण तिचा अर्थ वेदनाशामक नाकारणं असा नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांसमोर स्पष्ट केलं होतं की वेदना शमवणारी औषधं घेणं ख्रिस्ती माणसाला मोकळं आहे. बाबांना सांगा : दुखलं की बोट वर करायचं, तीही प्रार्थनाच धरू.

तेल, शिदोरी आणि पाद्रीला फोन

घाबरतील का? घाबरतील, जर तुम्ही शेवटपर्यंत थांबून मग अचानक काळ्या पिशवीसह फादर उभे केलेत तर. आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणजे ‘शेवटचं तेल’ ही समजूत आजीच्या काळातली आहे, आणि ती लोक स्वतःच खरी करून दाखवतात, कारण माणूस जायला टेकल्यावरच बोलावतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच म्हटलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधी नव्याने लावून दिला. गंभीर आजार सुरू झाला की, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणाने शक्ती खचली की, तेव्हा तो घ्यायचा. बरा होऊन माणूस पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती जास्त ढासळली, तर पुन्हा घेता येतो. तेव्हा बाबांना असं सांगा : ‘फादर येतायत, ताकद यावी म्हणून तेल लावणार आहेत, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं.’ त्यांनी नको म्हटलं तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

विधी छोटा असतो. फादर आधी मुकाट डोक्यावर हात ठेवतात, मग कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल. प्रार्थनेत मागणं असतं ते पवित्र आत्म्याच्या साहाय्याचं, पापक्षमेचं आणि उठून उभं राहण्याचं. तेल बहुधा ऑलिव्हचं, पवित्र सप्ताहात बिशपांनी आशीर्वादित केलेलं. पण ते मिळालं नाही तर कुठलंही वनस्पतीचं तेल चालतं, म्हणजे आपलं खोबरेलसुद्धा, आणि अडचणीच्या वेळी फादर ते तिथेच आशीर्वादित करू शकतात. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, सिस्टर किंवा कम्युनियन आणणारे सेवक नाही. रुग्ण बेशुद्ध असला तरी चालतो. मृत्यूनंतर मात्र तेल लावत नाहीत, नुसती प्रार्थना करतात. ‘आता बोलवू, मग बोलवू’ करण्यात नेमकं हेच हातचं जातं.

तुमचे गावचे फादर सिंधुदुर्ग धर्मप्रांतातले, त्यांना बांबोळीला पोचायला बराच वेळ मोडतो. म्हणून त्यांना कळवाच, पण त्यांच्याकडूनच रुग्णालयाजवळच्या चर्चचा किंवा रुग्णसेवा करणाऱ्या फादरांचा नंबर मिळवा. फोनवर एवढं सांगा : रुग्णाचं बाप्तिस्म्याचं नाव, वॉर्ड आणि खाट क्रमांक, शुद्धीवर आहेत का, गिळता येतं का, कुठली बोली कळते, भेटीची वेळ, आणि दारावर त्यांना कोण भेटेल. हे नसलं की फादर येतात, सुरक्षारक्षक अडवतो, आणि सगळेच वैतागतात. नर्सला आधी सांगून ठेवा. बाबांना कबुलीजबाब द्यायचा असेल तर पाच मिनिटं पडदा ओढून घरच्यांनी बाहेर जायचं. आवाज नसेल तर मान हलवून, हात दाबूनही होतो.

तोंडातून काही देण्याबद्दल मात्र कडक राहा. नळी काढल्यावर गिळणं परत यायला वेळ लागतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. डॉक्टरांनी ‘तोंडाने काही नाही’ असं लिहिलेलं असेल तर त्यात ख्रिस्तप्रसादही (कम्युनियनची भाकर) आला, तीर्थ म्हणून आणलेलं पाणीही आलं. गिळायला परवानगी मिळाली की ख्रिस्तप्रसादाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो, तेवढ्यातही ख्रिस्त पूर्णच असतो. घट्ट काही उतरतच नसेल तर पवित्र रक्ताचे थेंब चमच्याने देता येतात, फादरना आधी सांगावं लागतं. आणि यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा मनातल्या मनात कम्युनियन घ्यायचं, चर्चने ते नेहमीच मान्य केलंय. कम्युनियनच्या एक तास आधी काही न खाण्याचा नियम आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. आई डबा खाऊनही घेऊ शकते.

खरी ‘शेवटची’ भेट तेलाची नसून ख्रिस्तप्रसादाची. लॅटिनमध्ये तिला जो शब्द आहे त्याचा अर्थच वाटेची शिदोरी. कुणी तेल म्हटलं म्हणून घाबरू लागलं तर हा फरक सांगावा.

तुमच्या नात्यात प्रॉटेस्टंट कुणी असतील तर त्यांच्याकडे हा संस्कार गणला जात नाही. पाळकसाहेब किंवा चर्चमधले वडीलधारे सेवक प्रार्थना करतात, काही ठिकाणी तेल लावतात, प्रभुभोजन देतात. दोघांनी वेगवेगळ्या वेळी यावं, एकाच भेटीत दोन्ही उरकू नये. दमणारा रुग्ण एकच असतो.

वस्तूंचं पटकन सांगून टाकते. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती, उदबत्ती अजिबात नाही. तेल नाकाजवळ, मास्कच्या कडेला लागता कामा नये, कपाळावरचा जास्तीचा थेंब कापसाने टिपायचा. डायलिसिसची नळी मानेत असेल तर गळ्यात माळ किंवा स्कॅप्युलर (गळ्यात घालायचा कापडी पवित्र तुकडा) नको, संसर्ग होतो आणि नळी ओढली जाते. माळ नाव लिहिलेल्या छोट्या पिशवीत उशीजवळ. एमआरआयच्या आधी अंगावरचा धातूचा खुरीस काढायचाच. लेप्टो एका माणसातून दुसऱ्याला सहसा होत नाही, त्यामुळे हात धरायला कचरू नका, फक्त आधी आणि नंतर वीस-तीस सेकंद हात चोळून स्वच्छ करा. आणि शहाळी! गावाहून माणूस आला की हातात शहाळं असतंच, माया आहे ती. पण किडनी बंद असताना शहाळ्यातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, शिवाय अशा रुग्णाचं दिवसाचं पाणीही मोजून असतं, साधारणपणे आदल्या दिवसाच्या लघवीइतकं अधिक अर्धा लिटर. शहाळं आईला द्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाबांना नाही.

येणाऱ्यांना काय सांगायचं

‘देवाची इच्छा’, ‘विश्वास कमी पडला’, ‘देव सोसवेल एवढंच देतो’ ही तीन वाक्यं दारातच थांबवा. तिसऱ्याचं मूळ करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे, पण तिथे विषय मोहाचा आहे, मूर्तिपूजेपासून दूर राहण्याचा. आजाराचं वजन देव काट्यावर तोलून देतो असं ते म्हणत नाही. दुसऱ्याला उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायात : जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात कुणी पाप केलं, येशू म्हणतो याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही अशीच उलटी सांगितली जाते. आभार मानायला एकच परतला हे खरं. पण बरे दहाही झाले होते, न परतलेल्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूक कुठेही लिहीत नाही. आभार ही बरं होण्याची फी नाही.

कुणी उत्साही माणूस ‘आमच्या प्रार्थनासभेला आणा, औषधं बंद करा’ म्हणाला तर नम्रपणे हात जोडून फोन ठेवा. बायबलातला राजा हिज्कीया मरायला टेकला तेव्हा देवाने प्रार्थना ऐकली आणि संदेष्टा यशयाने अंजिरांचं पोटीस बांधायलाही सांगितलं, दोन्ही एकाच अध्यायात आहे. कॅथलिक बायबलातल्या बेन सिराच्या पुस्तकात, अडतिसाव्या अध्यायात, वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलंय असं स्वच्छ सांगितलंय. डायलिसिसची एक पाळी चुकवण्याइतका कुठलाच चमत्कार मोलाचा नाही.

एक गोष्ट मात्र प्रार्थनेवर सोडू नका. भ्रम ओसरल्यावरही दोन आठवडे बाबा उदास राहिले, जेवण नको, भेट नको, ‘मला कशाला वाचवलंत’ असं म्हणाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायला सांगा. आयसीयूनंतर हे पुष्कळांना होतं, आणि त्याला औषध आहे.

घरी आल्यावर

उपकारस्तुतीची मिस्सा (चर्चमधली उपासना) डिस्चार्जच्या पहिल्याच रविवारी ठेवू नका. लेप्टोनंतरचा अशक्तपणा आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि घरचे त्यांना पहिल्या बाकावर नटवून बसवतात, शंभर माणसं हात मिळवतात, संध्याकाळी ताप. महिना-दीड महिना जाऊ द्या. नवस बोलला असेल तर काळजी नको, एकशे सोळाव्या स्तोत्रात आजारातून उठलेला माणूसही नवस फेडायचंच म्हणतो, आणि तिथे तारीख नाही. अंगावर न झेपणारा नवस असेल, उदाहरणार्थ अनवाणी चालत जाण्याचा, तर फादरांना सांगा, ते तो बदलून देऊ शकतात.

आभाराची बाकीची कामं तोवर घरच्यांनी करावीत. वहीच्या उजव्या पानांवर जी नावं जमली आहेत त्यांना पत्र लिहा, नावानिशी, काय केलं ते लिहून : ‘तुम्ही सोमवारी रात्री बाबांचे ओठ पुसलेत.’ वॉर्डबॉय आणि सफाईवाल्या बाईंचं नाव विसरू नका, ते हमखास राहतं. बाबांना रक्त चढवलं असेल तर ते कुणाचं हे कधीच कळणार नाही, त्या माणसाचे आभार रक्तपेढीत जाऊन, रक्त देऊन मानायचे : अठरा ते पासष्ट वयाचं, पंचेचाळीस किलोच्या वरचं, घरातलं कुणीही धडधाकट माणूस. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. आणि पुढच्या लावणीला गमबूट, पायावरची जखम झाकणं, आरोग्य केंद्रातून डॉक्टर देतील त्या गोळ्या वेळेवर. वाडीतल्या इतरांनाही घेऊन जा.

साक्ष द्यायला उभं केलं तर बाबांनी एक जपावं. ‘देवाने मला वाचवलं’ हे वाक्य बोलताना चर्चमध्ये मागच्या बाकावर त्याच पावसाळ्यात लेप्टोने गेलेल्या कुणाची तरी बायको बसलेली असू शकते. ‘मी जगलो, त्याबद्दल उपकार मानतो’ म्हटलं तर बाबांचे उपकारही पोचतात आणि तिला ‘मग माझ्या माणसाला का नाही?’ हा प्रश्न पडत नाही.

मिस्सेचा हेतू चर्चच्या कार्यालयात लिहून देताना एक ओळ जास्त मागा. बाबांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी गेला असेल तर त्याच्यासाठी आभार, गेला नसेल किंवा दगावला असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना. तो हिंदू किंवा मुसलमान असला तरी अडत नाही, नुसतं पहिलं नाव पुरतं. फक्त त्याच्या घरच्यांना आधी विचारा. त्यांचा नंबर आईकडे असेल, कॉरिडॉरमध्ये इतक्या रात्री दोघी बाजूबाजूला बसल्यात.